गुरुजींची वही : मरणावरच्या आठ कविता आणि एक घर

पार्श्वभूमी

गोव्यात मांडवी नदीतल्या एका बेटावरचे हे घर. पणजीत नोकरीला जाणारी इथली माणसे आजही सकाळ-संध्याकाळ फेरीबोटीच्या रांगेत उभी असतात. घरात बोलणे कोकणी, पेपर मराठी, आरत्या-भजने मराठी आणि नातवंडांची शाळा इंग्रजी. गोव्यात यात नवल काही नाही.

घरचे गुरुजी ८६व्या वर्षी वारले. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ते ऐन विशीत होते. पुढे १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. त्यातल्याच एका शाळेत ते लागले आणि निवृत्त होईपर्यंत खडू हातातून सुटला नाही. मागे पैसाअडका बेताचाच राहिला. एक लांब वही मात्र राहिली. शाईच्या पेनाने, तक्तपोशीसारख्या सरळ ओळीत, आठ कविता उतरवलेल्या. कवींची नावे नाहीत, शीर्षके नाहीत. पहिल्या पानावर एवढेच : 'माझ्या वर्षाला भाषणे नकोत. यातले वाचा.'

वर्षश्राद्धाला दोन महिने असताना गुरुजींच्या मुलाचा मला फोन आला. गाव त्यांना भाई म्हणतो, मीही म्हणतो. मी उच्च माध्यमिकला मराठी शिकवतो, म्हणजे हे काम माझेच, असा त्यांचा हिशेब. "सर, एक तासाचा कार्यक्रम करू. पण आधी हे काय लिहिलंय ते आम्हाला तरी कळायला हवं."

वही पाहिली. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायातली 'जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे' ही ओवी. ज्ञानदेवांचे 'पैल तो गे काऊ कोकताहे'. तुकोबांचे 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां'. सोहिरोबानाथ आंबियांचे 'हरिभजनाविण काळ घालवू नको रे'. गोविंदाग्रजांचे 'राजहंस माझा निजला'. भा. रा. तांब्यांची दोन : 'नववधू प्रिया मी बावरते' आणि 'मधु मागशी माझ्या सख्या परी'. शेवटी बा. भ. बोरकरांची 'देखणे ते चेहरे'. तांब्यांचे 'जन पळभर म्हणतील हाय हाय' नव्हते, याचे मला आश्चर्य वाटले. शोकसभेत हटकून म्हटली जाणारी ती कविता गुरुजींनी का घेतली नसेल, हे मनात राहून गेले.

अडचण

पहिली अडचण साध्या शब्दार्थाची. नात पणजीतल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, नातू बंगळुरात संगणकाच्या नोकरीत. दोघांनाही देवनागरी वाचता येते, पण 'आथिला', 'म्यां', 'कैं', 'सांडिजे' असे काही आले की गाडी अडते. त्याहून अवघड ते शब्द, जे ओळखीचे वाटतात आणि फसवतात. 'सांडणे' घ्या. आजच्या मराठीत दूध सांडते. या मुलांच्या कोकणीत सांडले म्हणजे पडले, हरवले. नातवाने ओवीचा अर्थ लावला : जुने कपडे हरवतात तसे शरीर हरवते. ज्ञानदेवांच्या 'सांडिजे'मध्ये हरवणे नाही, टाकून देणे आहे, जाणूनबुजून. जुने सोडायचे आणि 'मग नूतन वेढिजे', नवे अंगाला गुंडाळायचे. हरवण्यात हळहळ असते, टाकण्यात नसते. एका क्रियापदाने ओवीचा सूरच बदलला.

दुसरी अडचण घरातल्या माणसांची. भाईंची बहीण, मुलांची आत्या, डिचोलीला असते. बायकांच्या भजनी मंडळात ती गाते; सोहिरोबा आणि तुकोबा तिला तोंडपाठ. वहीत 'नववधू' आहे हे कळल्यावर ती फोनवर म्हणाली, "हें लग्नाचें पद न्हय? बाबांच्या वर्षाला?" तुकोबांच्या अभंगातल्या 'सोहळा' या शब्दावरही तिच्या मंडळातल्या एकदोघींनी नाक मुरडले होते. सोहळा हा शब्द आता लग्नपत्रिकेतच भेटतो, त्यांचे तरी काय चुकले?

तिसरी अडचण तेव्हा मला दिसलीच नाही. तिच्याकडे शेवटी येतो.

समोरचे पर्याय

भाईंना सोपा मार्ग हवा होता : गावचे भजनी मंडळ बोलवावे, तुकोबा-सोहिरोबांचे अभंग पेटी-तबल्यावर म्हणून घ्यावेत, बाकीचे राहू दे. यात कुणी दुखावले जात नव्हते आणि गुरुजींची अर्धी वही तशीच मिटलेली राहत होती.

नातवाचे म्हणणे, ध्वनिमुद्रिका लावू. तांब्यांची दोन्ही गाणी वसंत प्रभूंच्या चालीत लता मंगेशकरांनी गायली आहेत. सोहिरोबांचे पद जितेंद्र अभिषेकींच्या आवाजात आहे. मंगेशकरांचे मूळ मंगेशीचे आणि अभिषेकींचा जन्मही तिथलाच, म्हणजे आवाजही घरचेच. विचार वाईट नव्हता. मला एकच खटकले. गाणे लागले की माणसे चाल ऐकतात. 'नववधू' लग्नाचे वाटते ते याच कारणाने. चाल कानात बसलेली असते, शेवटचे कडवे कुणी ऐकलेलेच नसते.

तिसरा पर्याय माझा : प्रत्येक कवितेचा शब्दार्थ आणि प्रतीकांचा खुलासा छापून कागद वाटायचा. चौथा नातीने सुचवला, जरा भीत भीत : "सर, तुम्ही रविवारी येऊन आमच्याबरोबर बसाल का?" मी कागदाचा पर्याय घेतला. वेळ वाचेल असे वाटले. शिवाय, खरे सांगायचे तर, पंचवीस वर्षे हेच करत आलो होतो.

तक्ता आणि त्याची फजिती

एका संध्याकाळी दीड पानाचा तक्ता तयार केला. वर शब्दार्थ, खाली प्रतीके. दिवा म्हणजे प्राण. हंस म्हणजे आत्मा. पैलतीर म्हणजे परलोक. सासर म्हणजे मृत्यूनंतरचे घर. वस्त्र म्हणजे देह. कावळा म्हणजे पितर. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना असला तक्ता आवडतो, गुणही मिळतात.

मुलांनी तो गंभीरपणे घेतला आणि आठही कवितांना लावला. आठवड्याने मी गेलो तर नातीने सगळ्यांचे अर्थ लिहून ठेवले होते. एकही धड नव्हता आणि प्रत्येकाला जबाबदार मीच होतो.

सोहिरोबांच्या 'अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे' या ओळीखाली तिने लिहिले होते : आत्महत्या करू नको. मला आधी हसू आले, मग लाज वाटली. तक्त्यात दिवा म्हणजे प्राण असे मीच लिहिले होते ना! पुढचीच ओळ दोरीच्या सापाची आहे. अंधारात दोरी पडलेली असते, माणूस साप समजून भितो. दिवा आणला की साप नाही हे दिसते. तिथे दिवा प्राणाचा असून चालतच नाही, तो पाहण्याचा दिवा आहे. पावसाळ्यात वीज गेलेली असताना पडवीतल्या दोरीला बिचकला नाही असा माणूस या बेटावर सापडायचा नाही. हा अर्थ तिला मी सांगण्याआधी कळला असता, मी मध्ये तक्ता घातला नसता तर.

'राजहंस माझा निजला' खाली होते : आत्मा झोपला. राम गणेश गडकरी म्हणजे गोविंदाग्रज १८८५ ते १९१९, जेमतेम ३३ वर्षे जगलेला माणूस. त्या कवितेत मूल गेलेले आहे आणि आई ते मान्य करत नाही. 'हे कोण बोलले बोला? राजहंस माझा निजला!' राजहंस हे लाडाचे नाव आहे, जसे आपण सोन्या म्हणतो, राजा म्हणतो. हंस उडाला म्हणजे प्राण गेला हा संकेत मराठी वाचकाच्या कानात असतोच, म्हणून तो शब्द जास्त टोचतो. पण आई आत्म्याविषयी बोलत नाही, बाळाविषयी बोलते. सगळी कविता 'निजला' या एका शब्दावर अडून बसली आहे. तो सुटला की सगळेच सुटेल, म्हणून ती तो सोडत नाही. परिचारिका असलेल्या मुलीला हे मी समजावून सांगावे? तिने असल्या आया पाहिल्या होत्या. तक्ता बाजूला ठेवून पुन्हा वाच म्हटल्यावर ती दोन कडव्यांपुढे गेली नाही. वही मिटून आत निघून गेली.

'पैल तो गे काऊ' खाली : पैल म्हणजे परलोक, काऊ म्हणजे पितर, दहीभाताची उंडी म्हणजे पिंड. हे सगळे इतके नेटके जुळत होते की क्षणभर मीच गोंधळलो. कावळा आहे, भाताचा गोळा आहे, कावळ्याची विनवणी आहे. दहाव्याला नदीकाठी आपण हेच करतो. पण ही विरहिणी आहे. 'पाहुणे पंढरीराऊ घरा कैं येती' असे ती विचारते. कैं म्हणजे कधी. दारात कावळा ओरडला की पाहुणा येतो, हा साधा शकुन. पैल म्हणजे फक्त पलीकडे, त्या तिथे. मी ठामपणे सांगितले की ही मरणाची कविता नाही, गुरुजींनी भक्तिरचना म्हणून घेतली असणार. तासात बसवायला एक गाळावीच लागणार होती, ही गाळू. कुणी वाद घातला नाही. मीही शब्दार्थाने बरोबर होतो.

चार रविवार

तक्ता फाडला नाही, पण खिशातून बाहेरही काढला नाही. पुढचे चार रविवार जेवणानंतर पडवीत बसलो. रीत अशी ठरली की आधी कवितेतली वस्तू घ्यायची : ती घरात कुठे असते, तिला काय म्हणतात, तिचे काय होते. प्रतीकाचे नाव तोवर कुणी काढायचे नाही. रीत माझी नव्हे, आत्याच्या एका वाक्यातून ती आली. 'मालवू नको' वर बोलताना ती सहज म्हणाली, "आमगेर दिवा विझव म्हणत नाहीत, शांत कर म्हणतात." मग यादीच निघाली. बांगडी फुटत नाही, वाढवते. कुंकू पुसले म्हणत नाहीत. माणूस मेला म्हणत नाहीत. देवाघरी गेला, निवर्तला. मरणाभोवती भाषा चवड्यांवर चालते. कवी हेच शब्द घेतो आणि त्यांना वळसा न घालता सरळ उभे करतो, म्हणून ते लागतात.

सोहिरोबांच्या पहिल्याच ओळीतला 'काळ' असाच निघाला. नातवाने बंगळुराहून फोनवरून अर्थ सांगितला, टाइम. बरोबरच होते. आत्या म्हणाली, "आणि काळ आला होता पण वेळ आली नव्हती, ते?" तो गप्प. ज्याचा घास व्हायचा त्यालाच आपण 'घालवतो' म्हणतो, हे मला इतकी वर्षे ते पद ऐकून सुचले नव्हते. १८व्या शतकातल्या या संतकवीच्या नावाचे सरकारी महाविद्यालय पेडण्यात विर्नोड्याला आहे. तिथे जाणाऱ्या मुलांपैकी किती जणांना ही ओळ अशी भेटते, कोण जाणे.

तुकोबांच्या अभंगाला एक अख्खा रविवार गेला. 'एकदेशीं होतों अहंकारें आथिला । त्याच्या त्यागें झाला सुकाळ हा ॥' आथिला म्हणजे युक्त, भरलेला. दाते-कर्व्यांचा शब्दकोश उघडल्याशिवाय हा शब्द आज कुणाला लागणार नाही आणि त्यात कमीपणाही नाही. खरा घोळ पुढे होता : 'फिटलें सुतक जन्ममरणाचें'. नात म्हणाली, सुतक तर मरणाचे, जन्माचे सोयर. मग जन्माचे सुतक कसे? प्रश्न पक्का होता. संस्कृतातले सूतक मुळात जन्माचेच. मराठीत ते मरणाकडे सरकले आणि जन्माला सोयर राहिले. तुकोबा दोन्हींना एकाच शब्दात गुंडाळतात. आणि 'संपले' न म्हणता 'फिटले' म्हणतात. काय काय फिटते? ऋण फिटते, डोळ्यांचे पारणे फिटते, अंधार फिटतो. भाईंनी वर्षापूर्वीच सुतक पाळले होते. देवघर बंद, देवळाची पायरी नाही, शेजारी पाणीसुद्धा जपून घेणार. ते म्हणाले, "सुतक फिटतं त्या दिवशी आंघोळ करून देवाकडे दिवा लावला की मोकळं वाटतं. दुःख तिथंच असतं, पण मोकळं वाटतं." यानंतर 'सोहळा' या शब्दाला कुणी हरकत घेतली नाही. ज्याचे सुतक कायमचे फिटले त्याच्या घरी सोहळाच व्हायचा.

'मधु मागशी' खरे तर म्हातारपणाची कविता. मित्र मध मागतो आणि घरातले मधुघट रिकामे पडले आहेत. पण 'लागले नेत्र रे पैलतिरी' ही ओळ तिला मरणाकडे नेते. इथे पैल वेगळा आहे. विरहिणीचा पैल अंगणापलीकडचा, हा नदीपलीकडचा. नात रोज संध्याकाळी पणजीच्या बाजूने बोटीची वाट पाहते. ती म्हणाली, "बोट पलीकडे असते ना सर, तेव्हा तिच्या दिव्यांवरून नजर हलत नाही. मोबाईलसुद्धा बघवत नाही." आपले घर पलीकडेच. मग 'संध्याछाया भिवविति हृदया' कशाला, घरीच तर जायचे? तिने थोडा विचार केला. "शेवटची बोट सुटली की काय, असं वाटतं कधी कधी. तसं असेल."

बोरकरांच्या कवितेचा शेवट गोव्यात वेगळा समजावून सांगावा लागत नाही, असे मला वाटायचे. बोरकर (१९१०–१९८४) कुडचड्यात जन्मलेले, बोरीचे. 'देखणा देहान्त तो जो सागरी सूर्यास्तसा / अग्निचा पेरून जातो रात्रगर्भी वारसा.' सूर्य समुद्रात बुडताना इथे सगळ्यांनी पाहिलेला. समास मी सोडवून दिले : रात्रगर्भी म्हणजे रात्रीच्या गर्भात. पेरणे हे शेतातले क्रियापद आहे, तेही दाखवले. बी दिसेनासे होते ते रुजण्यासाठी. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, भात पेरणाऱ्या घराला यापुढे सांगायचे काय? मी पान उलटणार, तोच भाई म्हणाले, "थांबा. वारसा म्हणजे बाप मुलाला देतो तो. बरोबर? पण अग्नी मी दिला. बाबांना. मुलगा बापाला देतो." कुणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "कवितेत उलटं आहे. जाणाराच देऊन जातो." एवढी वर्षे ही कविता शिकवली. सूर्यास्त शिकवला, रात्र शिकवली, वारसा शिकवला. चितेला अग्नी देणारा हात त्या ओळीत आहे, हे शिकवले नव्हते.

सासर की माहेर

'नववधू'चे गाडे मात्र अडले. मी माझी सगळी शस्त्रे काढली. राजकवी तांबे (१८७३–१९४१) ग्वाल्हेरचे. त्यांनी नवऱ्या मुलीच्या तोंडून मरणाला सामोरे जाणाऱ्या जिवाचे बोलणे लिहिले आहे. 'मला येथला लागला लळा, सासरी निघता दाटतो गळा' यातले 'येथला' म्हणजे हा संसार. शेवटी 'खरे घर ते' म्हणते ते सासर म्हणजे पलीकडचे. ओढ आहे आणि थरथरही आहे, दोन्ही एकाच वेळी. मरणाची भीती लाजेच्या रूपात लिहिणे, हे मला आजही मराठी कवितेतले फार मोठे धाडस वाटते.

आत्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "सर, सासरी गेलेली पोर चतुर्थीला माहेरी येते. बाबा येणार आहेत?"

मी म्हणालो, उपमा सगळीकडून जुळलीच पाहिजे असे नाही. उत्तर लंगडे होते, मला ते तेव्हाच कळले. पुढचे तिचे बोलणे त्याहून वजनदार : "आम्ही भजनात म्हणतो, माझे माहेर पंढरी. देवाचं घर म्हणजे माहेर. थकलेलं माणूस माहेरी जातं. तुमचे कवी त्याला सासरी धाडतात." एकनाथांच्या त्या अभंगापासून वारकऱ्यांची सगळी वाट माहेरची, आणि तांब्यांनी ती फिरवली. मी जिला न समजणारी श्रोती धरून चाललो होतो, ती दोन परंपरा शेजारी ठेवून बोलत होती. सासर कसे असते हे तिला माहीत होते, तांब्यांना नव्हते. हेही तिने म्हटले असते तर मी काय उत्तर दिले असते?

निर्णय भाईंनी घेतला. 'नववधू' वाचायची नाही. मला तो तेव्हा चुकीचा वाटला, आज अर्धा चुकीचा वाटतो. गुरुजींनी ती वहीत घेतली होती, हे आत्याच्या नकाराने पुसले जात नव्हते. आत्याचा आक्षेपच दोन वाक्यांत मांडून नंतर कविता वाचता आली असती. तो पर्याय कुणी, मीसुद्धा, पुढे केला नाही. वाद मिटवायची घाई झाली होती.

वर्षाचा दिवस

श्राद्ध सकाळी आटोपले. पडवीत साठ-सत्तर माणसे. अर्धी गुरुजींची विद्यार्थी, तीही आता आजोबा झालेली. सहा कविता वाचल्या. अर्थाचे कागद वाटले नाहीत. प्रत्येक वाचणाऱ्याने आधी दोन-तीन वाक्ये आपली सांगितली. भाईंनी बोरकर वाचले आणि अग्नीची गोष्ट सांगितली. नातीने 'राजहंस' घेतले होते, पण आयत्या वेळी ते नातवाकडे दिले. त्याचे उच्चार अडखळत होते, 'निजला' दर वेळी थोडा उशिरा येत होता, आणि त्याने कविता बिघडली नाही. आत्याने सोहिरोबा गाऊन म्हटले. ज्ञानेश्वरीची ओवी कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही, ती पहिलीच होती आणि माणसे अजून खुर्च्या सरकवत होती. तास ठरला होता, दीड झाला. एका वयस्क गृहस्थांनी शेवटी उठून भाषण केलेच. गुरुजींच्या पहिल्या पानावरची ओळ त्यांना कुणी दाखवली नव्हती.

मग पाने मांडली. त्याआधी कावळ्याचे पान माडाखाली ठेवले, आणि आम्ही पडवीच्या कडेला उभे राहिलो. कावळा लवकर येईना. आत्या माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "आईच्या दहाव्याला असंच झालं होतं. नदीकाठी दोन तास. दर्भाचा कावळा करायची वेळ आली. बाबा एकटेच पिंडाजवळ उभे राहिले आणि काहीतरी म्हणत होते. मला वाटलं, आईला काही कबूल करताहेत." थोडे थांबून म्हणाली, "उड उड रे काऊ. तेच म्हणत होते. शिवला मग."

आज करायचे झाले तर

तक्ता करणार नाही, हे झालेच. 'नववधू'बाबत आत्याशी वाद घालण्याआधी तिचे म्हणणे पूर्ण ऐकेन आणि ते कार्यक्रमात आणीन. गुरुजींचे पहिले पान मोठ्या अक्षरात दारापाशी लावीन, भाषणवाल्यांसाठी.

सगळ्यात आधी मात्र वही कवितासंग्रह म्हणून वाचणार नाही. ती एका माणसाने एकेका दिवशी उतरवली होती. कुठली कधी, कशानंतर, हे घरात विचारायला मला पाच मिनिटे लागली असती. 'पैल तो गे काऊ' ही मरणाची कविता नाही, हे मी आजही वर्गात सांगतो, आणि सांगणार. गुरुजींच्या वहीत ती भक्तिरचना म्हणून आलेली नव्हती, एवढेच. गाळायला एक कविता हवी होती आणि मी ती गाळली.

त्या रात्री नातीने त्या पानाचा फोटो पाठवला. खाली कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात तारीख आहे, तिच्या आजीच्या दहाव्याची. ती तारीख मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. कविता उतरवल्याची असेल म्हणून पान उलटले होते.